गाठ आधी, गोळी नंतर

‘हार्मोनच्या गोळ्यांनी छातीत गाठ होते का?’ हा एक प्रश्न आणि ‘छातीत गाठ आहे, मग हार्मोनच्या गोळ्या घेता येतील का?’ हा दुसरा. या दोन प्रश्नांतून ही पुस्तिका तयार झाली. दोन्ही प्रश्न कानाला सारखेच वाटतात, पण त्यांची उत्तरे निराळी आहेत. त्यांची सरमिसळ झाल्यामुळे आपल्या ओळखीच्या कितीतरी बायकांनी वर्षानुवर्षे विनाकारण त्रास काढला आहे, नाही तर दाखवायला नको तेवढा उशीर केला आहे. इंदूरच्या तुकोगंजातल्या आमच्या दुपारच्या बैठकीत हे प्रश्न कोणी सगळ्यांसमोर विचारले नाहीत. चहा झाल्यावर, चपला पायात सरकवताना, दाराशी थांबून विचारले. म्हणून त्यांची उत्तरे छापून हातात द्यावीत असे ठरले.

तुकोजीराव होळकरांच्या नावाच्या या वस्तीत दवाखान्यांची वाण नाही. दक्षिण तुकोगंजातून पलासियापर्यंत चालत गेले तर स्त्रीरोगतज्ज्ञांच्या पाट्या, सोनोग्राफी केंद्रे आणि पॅथॉलॉजीच्या लॅब हारीने लागतात. ज्यांना खाजगी खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी एम.वाय. रुग्णालय आहे, आणि महाराजा तुकोजीरावांच्याच नावाचे एम.टी.एच. हे स्त्रियांचे रुग्णालयही आहे. म्हणजे तपासणी घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. तरीही गाठ हाताला लागल्यापासून ती डॉक्टरांच्या हाताला लागेपर्यंत महिने जातात. गणपती होऊन जाऊ देत, मुलीची परीक्षा होऊ दे, सुनेचे बाळंतपण उरकू दे, असे म्हणत स्वतःचे शरीर शेवटच्या रांगेत उभे करण्याची आपली जुनी सवय आहे. त्या सवयीला या पुस्तिकेत कुठेही माफी नाही.

विषयाकडे वळू. भारतीय स्त्रीची पाळी सरासरीने ४६-४७ व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य स्त्रीपेक्षा चार-पाच वर्षे आधी. पण पाळी एका दिवशी जात नाही. त्याआधीची काही वर्षे अंडाशयाचे काम अनियमित झालेले असते: एखाद्या महिन्यात इस्ट्रोजेन भरपूर, पुढच्या महिन्यात जेमतेम, आणि त्याला आवर घालणारे प्रोजेस्टेरॉन बीज न सुटल्यामुळे गैरहजर. या चढउताराचा परिणाम गर्भाशयावर होतो हे सगळ्यांना कळते, कारण रक्तस्राव दिसतो. स्तनावरही होतो, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. स्तन आणि अंडाशय यांचे नाते वैद्यकाला कळले तेही उशिराच. ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या शल्यचिकित्सकाने १८९६ मध्ये वाढलेल्या स्तनकर्करोगाच्या रुग्ण स्त्रियांची अंडाशये काढली आणि गाठी लहान झाल्याचे दाखवून दिले. तेव्हा हार्मोन हा शब्दही जन्मला नव्हता. कर्करोगावरच्या हार्मोन-उपचारांचा सगळा इतिहास तिथून सुरू होतो. स्तनाची ऊती अंडाशयाचे ऐकते, एवढे त्या निरीक्षणातून पक्के झाले.

म्हणून पाळी जाण्याच्या आसपास छाती जड होणे, दुखणे, हाताला दाणेदार लागणे हे फार जणींना होते. पाण्याने भरलेल्या गाठी, ज्यांना डॉक्टर सिस्ट म्हणतात, त्याही याच वयात, साधारण ३५ ते ५० च्या दरम्यान, सर्वांत जास्त आढळतात. काही एका आठवड्यात उठून येतात, दुखतात आणि पाळी आल्यावर बसतात. तरुणपणची फायब्रोअॅडिनोमाची गाठ असेल तर ती पाळी गेल्यावर बहुधा आक्रसते. पाळी पूर्ण थांबल्यावर, इस्ट्रोजेन ओसरले की, सिस्टही सहसा विरतात. आणि नेमक्या याच टप्प्यावर वाफा-घामाच्या त्रासासाठी बाहेरून इस्ट्रोजेन सुरू केले तर? मग त्या विरत नाहीत, कधी नव्याने येतात, जुनी फायब्रोअॅडिनोमाची गाठ तशीच राहते किंवा थोडी वाढते, आणि छाती दुखणे पुन्हा सुरू होते. पहिल्या प्रश्नाच्या उत्तराचा अर्धा भाग हा: होय, हार्मोन-उपचाराने गाठी येऊ शकतात, आणि त्यांतल्या बहुतेक कर्करोगाच्या नसतात.

याला आधार आहे. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या प्रचंड अभ्यासात ज्यांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन दोन्ही दिले त्यांच्यात पेशी वाढलेल्या पण निरुपद्रवी स्तनविकारांचे प्रमाण नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांच्या सुमारे पावणेदोन पट निघाले. नुसते इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत ते दुपटीहून थोडे अधिक होते. पण त्याच अभ्यासात नुसत्या इस्ट्रोजेनने स्तनाचा कर्करोग वाढला नाही. गाठ वाढणे आणि कर्करोग वाढणे या दोन गोष्टी एकत्र चालतातच असे नाही, हे माझ्या मते या साऱ्या संशोधनातले सर्वांत उपयोगी वाक्य आहे, आणि ते सामान्य वाचकापर्यंत जवळजवळ पोचलेलेच नाही.

पोचली ती २००२ सालच्या जुलैमधली बातमी. ती नीट समजून घ्यायला हवी, कारण तुमच्या आईला किंवा मोठ्या जावेला डॉक्टरांनी त्यानंतर गोळ्या लिहून द्यायचे टाळले असेल तर ते या बातमीमुळे. त्या अभ्यासाच्या एका शाखेत ५० ते ७९ वयाच्या, गर्भपिशवी शाबूत असलेल्या १६,६०८ स्त्रिया होत्या. निम्म्यांना गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढलेले इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे कृत्रिम प्रोजेस्टिन रोज दिले जात होते. सरासरी ५.२ वर्षांनी प्रयोग मध्येच थांबवला गेला, कारण स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढलेला दिसला. वर्तमानपत्रांनी २६ टक्के छापले. खरा हिशेब असा होता: औषध न घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांत वर्षाला ३० जणींना कर्करोग होत होता, घेणाऱ्यांत ३८ जणींना. म्हणजे दहा हजारांत आठ जास्त. या आठजणी कमी महत्त्वाच्या आहेत असे मी म्हणत नाही. पण रात्री तीनदा घामाने भिजून उठणाऱ्या बाईला निर्णय घ्यायचा असेल तर तिच्यासमोर आठ हा आकडा ठेवायला हवा होता; २६ टक्क्यांनी फक्त भीती दिली. शिवाय त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. पाळी नुकतीच गेलेल्या ४७ वर्षांच्या बाईची आणि त्यांची तब्येत सारखी नसते. हृदय आणि पक्षाघाताविषयीचे त्या अभ्यासाचे निष्कर्ष तर वयाप्रमाणे बरेच बदलतात.

दुसऱ्या शाखेत गर्भपिशवी काढलेल्या १०,७३९ स्त्रिया होत्या. त्यांना फक्त इस्ट्रोजेन दिले होते. ही शाखा २००४ मध्ये पक्षाघाताच्या वाढीमुळे थांबली. स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण तिथे वाढले तर नाहीच, वीस वर्षांच्या पाठपुराव्यात ते कमीच निघाले. याउलट २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ने जगभरातल्या अभ्यासांची जी एकत्रित मांडणी छापली तिच्यात नुसत्या इस्ट्रोजेननेही थोडी वाढ दिसते. तिचे आकडे सोपे आहेत. पन्नाशीला उपचार सुरू करून पाच वर्षे घेतला, तर पुढच्या वीस वर्षांत काय होईल? कधीच न घेणाऱ्या शंभरांत सुमारे ६.३ जणींना स्तनाचा कर्करोग होतो. इस्ट्रोजेनसोबत रोज प्रोजेस्टिन घेणाऱ्या शंभरांत ८.३, अधूनमधून प्रोजेस्टिन घेणाऱ्यांत ७.७, आणि नुसते इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत ६.८. हे पाश्चात्त्य स्त्रियांचे आकडे आहेत, ज्यांच्यात हा रोग मुळातच जास्त. तरी त्यांतून दिशा कळते: धोका आहे, तो औषधाच्या प्रकारावर आणि किती वर्षे घेतले यावर ठरतो, आणि सर्वांत जास्त वाटा प्रोजेस्टिनचा आहे.

मग प्रोजेस्टिन द्यायचेच कशाला? कारण गर्भपिशवी असलेल्या स्त्रीला नुसते इस्ट्रोजेन दिले तर पिशवीच्या अस्तराचा कर्करोग होऊ शकतो, हे १९७५ मध्येच उघड झाले. म्हणून पिशवी असेल तर दोन्ही, नसेल तर एकच. फ्रान्समध्ये ऐंशी हजारांवर स्त्रियांच्या पाहणीत शरीरातल्यासारखेच प्रोजेस्टेरॉन वापरणाऱ्यांत स्तनाचा धोका कृत्रिम प्रोजेस्टिनपेक्षा कमी आढळला. ती पाहणी आहे, प्रयोग नव्हे; पण डॉक्टरांना ‘यात कोणते प्रोजेस्टेरॉन आहे?’ असे विचारायला एवढे कारण पुरे.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये या औषधांवरचा चौकटीतला कडक इशारा काढण्याची घोषणा केली. त्यानंतर आता उलट्या दिशेने जाहिराती येतील, गोळी घेतली की तारुण्य परत, असे सांगितले जाईल. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एका डॉक्टरने हेच सांगणारे पुस्तक लिहून विकले होते. इशारा निघाला म्हणून छाती तपासायची गरज संपत नाही.

वर पिशवीचा विषय निघाला आहे तर थोडे थांबून बोलायला हवे, कारण आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्याच वाटेने येतो. २०१९ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या समितीसाठी बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली. सुमारे ८२ हजार स्त्रियांत १३ हजार ८०० हून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यांत पस्तिशी-चाळिशीच्या बायका होत्या. मजुरी बुडू नये म्हणून पाळीच्या त्रासावर शस्त्रक्रिया हा उपाय त्यांच्या गळी उतरवला गेला. ज्यांची अंडाशयेही काढली गेली त्यांची रजोनिवृत्ती एका रात्रीत झाली, कित्येक वर्षे आधी. अशा स्त्रीला नैसर्गिक वयापर्यंत इस्ट्रोजेन मिळायला हवे, कारण हाडे आणि हृदय दोन्ही त्यावाचून लवकर झिजतात. स्तनाचा कर्करोग झालेला नसेल तर जगभरातल्या मार्गदर्शक सूचना हेच सांगतात. ऊसतोडीच्या फडावर तिला ते कोण देणार? इंदूरच्या आपल्या घरांत ही अडचण नाही. पण ‘पिशवी काढली’ म्हणताना अंडाशये ठेवली की काढली हे पुष्कळ शिकलेल्या बायकांनाही सांगता येत नाही. शस्त्रक्रियेचा जुना कागद शोधा. उपचाराचा अर्धा निर्णय त्या कागदावर आहे.

इंदुरात आणखी एक गोष्ट हमखास निघते, ती सोयाबीनची. माळव्याचे हे मुख्य पीक, १९८७ पासून सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्थाही इथेच. त्यामुळे ‘गोळ्या नकोत, सोया खा, त्यात नैसर्गिक हार्मोन असते’ हा सल्ला घरोघरी मिळतो. आणि तितक्याच खात्रीने ‘छातीत गाठ आहे ना, मग सोया बंद’ हाही. सोयाबीनमधले आयसोफ्लेव्होन इस्ट्रोजेनसारखे दिसतात, पण फार दुबळे असतात. आहारातल्या सोयाने स्तनाचा कर्करोग वाढत नाही. अंगातून येणाऱ्या वाफांवर त्याचा उपयोग काहींना थोडा, काहींना अजिबात नाही. सोयाबीनची वडी जेवणात असू द्या. त्याच्या अर्काच्या महागड्या कॅप्सूल मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका, विशेषतः छातीचा काही आजार होऊन गेला असेल तर. शतावरी आणि ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिश्रणांनाही हेच लागू.

आता दुसरा प्रश्न: गाठ आहे, गोळ्या घेऊ का? उत्तर एकच: गाठ काय आहे हे कळेपर्यंत नाही. तीन पायऱ्या आहेत आणि तिन्ही व्हायला हव्यात. डॉक्टरांनी हाताने तपासणे. मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी. आणि गरज पडली तर सुईने तुकडा काढून तपासणी. सिस्ट असेल तर सुईने पाणी काढले की ती तिथेच बसते. पाणी पिवळसर किंवा हिरवट असेल तर चिंता नसते, रक्ताळलेले असेल तर ते लॅबला जाते. सुई टोचल्याने कर्करोग पसरतो ही समजूत चुकीची आहे, आणि तिने जीव घेतले आहेत. साधी सिस्ट किंवा फायब्रोअॅडिनोमा ठरली तर हार्मोन-उपचाराला त्यामुळे मनाई नाही, लक्ष मात्र ठेवावे लागते. तपासणीत ‘एटिपिकल’, म्हणजे बिघडू लागलेल्या पेशी दिसल्या तर सहसा हा उपचार टाळतात. आई, बहीण, मावशी यांना कमी वयात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल तर ते आधी सांगायला हवे. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर हाताला नव्याने लागलेली गाठ ‘सिस्टच असेल’ म्हणून कोणी सोडून दिली, तर त्या ‘असेल’वर थांबू नका. या वयात नवी गाठ कर्करोगाची निघण्याची शक्यता तरुणपणापेक्षा बरीच जास्त असते.

उपचार चालू असेल तर आणखी एक बारकावा आहे. दोन्ही हार्मोने मिळून घेतल्यावर स्तनाची ऊती घट्ट राहते, मॅमोग्राफीत पांढरी दिसते, आणि गाठही पांढरीच दिसत असल्याने वाचणे कठीण होते. त्याच अमेरिकी अभ्यासात पहिल्या वर्षानंतर औषध घेणाऱ्यांपैकी ९.४ टक्क्यांची मॅमोग्राफी संशयास्पद ठरली, न घेणाऱ्यांपैकी ५.४ टक्क्यांची. म्हणून मॅमोग्राफी उपचार सुरू करण्याआधी करावी, जपून ठेवावी, आणि पुढच्या वेळी जुनी फिल्म सोबत न्यावी. रिपोर्ट वाचणाऱ्याला तुम्ही हार्मोन घेता हे सांगावे. विचारले नाही तरी सांगावे.

मॅमोग्राफीचे यंत्र नाही म्हणून हात बांधून बसायचे कारण नाही, हे मुंबईने दाखवले आहे आणि आपल्याला त्याचा अभिमान वाटायला हवा. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांना घेऊन एक प्रयोग सुरू केला. डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडले. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत, स्त्रियांची छाती हाताने तपासत. डॉक्टर नाही, यंत्र नाही, फक्त शिकवलेली बोटे. कर्करोग लवकरच्या टप्प्यावर सापडू लागले. सर्व वयांचा एकत्र विचार केला तर मृत्यूंत १५ टक्के घट दिसली, पण ती निर्णायक म्हणण्याइतकी नव्हती. पन्नाशी ओलांडलेल्यांत मात्र मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले, आणि हा निष्कर्ष भक्कम होता. पन्नाशीखालच्यांत फायदा दिसला नाही. म्हणजे पाळी गेलेल्या बाईला, आपल्याच वयाच्या बाईला, या साध्या तपासणीचा सर्वांत जास्त उपयोग आहे. देशाच्या राष्ट्रीय कार्यक्रमातही ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची छाती दर पाच वर्षांनी तपासावी असे लिहिलेले आहे. भारतात २०२२ मध्ये सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना नव्याने स्तनाचा कर्करोग झाल्याचा जागतिक अंदाज आहे. ९८ हजार त्या वर्षी गेल्या. नव्या रुग्णांच्या मानाने मृत्यूंचा हा आकडा इतका मोठा असायला नको होता. त्याचे एक मोठे कारण उशीर.

ज्यांना हा कर्करोग होऊन गेला आहे त्यांच्याविषयी संदिग्ध बोलणे बरोबर नाही. स्वीडनमध्ये त्यांच्यावर झालेला ‘हॅबिट्स’ हा प्रयोग २००३ मध्ये थांबवावा लागला, कारण हार्मोन घेणाऱ्यांत रोग जास्त उलटला. टिबोलोन या गोळीवरच्या ‘लिबरेट’ प्रयोगातही तेच दिसले. म्हणून त्यांनी हार्मोनच्या गोळ्या घेऊ नयेत. पण म्हणून वाफा, घाम, झोपमोड सोसत बसावे असेही नाही. व्हेनलाफॅक्सिन, गॅबापेंटिन अशी हार्मोन नसलेली औषधे आहेत. पॅरॉक्सेटीनही आहे, पण स्तनकर्करोगावरचे टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांनी ते टाळावे, कारण त्याने टॅमॉक्सिफेनचा असर कमी होतो. योनीचा कोरडेपणा हा त्रास तर कोणी नवऱ्यालाही सांगत नाही. त्यासाठी आधी साधी जेल वापरावी. भागले नाही तर स्थानिक इस्ट्रोजेनच्या अल्प मात्रेचा विचार कर्करोगतज्ज्ञाला विचारून करता येतो.

या पुस्तिकेत पुढे प्रत्येक गोष्ट सविस्तर येईल. काही वाचक म्हणतील की वाफा तर आमच्या आजीलाही आल्या, तिने कुठे औषध घेतले? अमेरिकेतल्या एका दीर्घ पाहणीत हा त्रास निम्म्या जणींत सात वर्षांहून अधिक चालतो असे आढळले आहे. सात वर्षे नीट न झोपणाऱ्या बाईला सोसण्याचा उपदेश करणे मला अन्यायाचे वाटते. ज्यांचा त्रास तीव्र आहे, छाती तपासून झाली आहे, पाळी जाऊन दहा वर्षे उलटलेली नाहीत आणि दुसरी मनाई नाही, त्यांनी हा उपचार भीतीपोटी नाकारू नये. ज्यांचा त्रास सौम्य आहे त्यांनी कोणी आग्रह केला म्हणून तो घेऊही नये.

शेवटच्या पानावर आम्ही कोरी जागा ठेवली आहे. शेवटची पाळी कधी आली, गर्भपिशवी आणि अंडाशये आहेत की नाहीत, घरात कोणाला कर्करोग झाला, सध्या कोणत्या गोळ्या, जेल किंवा काढे चालू आहेत, आणि छातीत काही लागत असेल तर कोणत्या बाजूला व कधीपासून, एवढे तिथे लिहा. ते पान घेऊन डॉक्टरांकडे जा. गाठ लागत असेल तर याच आठवड्यात जा.